ट्रॉलीत झोपून पाहणारा

याच्याबरोबर खरेदीला जायचं नाही, हे मी दर रविवारी ठरवायचो आणि दर रविवारी जायचो. हा दिघाशीचा शेतकरी, पोरं माझ्या शाळेत. ट्रॅक्टर घेऊन झाला होता, आता त्यामागे जोडायला छोटी ट्रॉली हवी होती. तीही अशी, की एरवी पेंढा वाहील आणि वज्रेश्वरीच्या जत्रेत घरची सगळी तिच्यातच झोपतील.

ट्रॉली दिसली की हा चाकं बघायचा नाही, जोड बघायचा नाही. चपला काढून आत चढायचा आणि आडवा व्हायचा.

"ही बायको," म्हणून कुशीवर वळायचा. "ही पोरं," म्हणून हातपाय पसरायचा. मग मला हाक. "गुरुजी, तुम्ही आईच्या जागी पडा. तिचा गुडघा वाकत न्हाय, पाय ताठ ठेवा."

टेरिकॉटच्या पँटीत मी गंजक्या पत्र्यावर ताठ पडायचो. निजामपुऱ्यातला वेल्डिंगवाला एकदा वैतागून म्हणाला, "साब, लोहा देखो, नींद घर पे लेना."

शेवटी त्याच्याचकडे एक जमली. बायको, पोरं, आईचा गुडघा, सगळं मावलं. सुटलो एकदाचा, म्हणून मी पडल्या पडल्याच विचारलं, "आणि तुम्ही कुठे झोपणार?"

"खाली. आमच्यात बाप्ये गाडीखालीच झोपतात," म्हणत तो उतरला आणि ट्रॉलीखाली शिरला. खालून ठण्णकन आवाज आला.

कपाळ चोळत तो बाहेर आला. "उठून बसलं का डोकं लागतंय. ही न्हाय चालायची, गुरुजी. उतरा."