टॉमस केनचा चार पानी जबाब

२००३च्या वसंतात माझी पोस्टिंग न्यू जर्सीतल्या एका लष्करी डेपोच्या मेन गेटवर होती. रँक स्पेशलिस्ट. घर पार्सिपनीला, पाऊण तासावर. काम एकच: येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघायचं. युनिटमधले काहीजण माझं भारतीय आडनाव वाचून माझ्याकडेही तसंच बघत.

एके सकाळी ०७४०ला एक म्हातारा टॅक्सीतून उतरला. पत्र्याची पेटी कुंपणाशी ठेवून काठी टेकत खिडकीशी आला. टॅक्सी निघून गेली.

"कॅप्टनला भेटायचंय."

"पेटीत काय आहे, सर?"

"माझे वडील."

"उघडा."

"फक्त कॅप्टनसमोर."

मी रेडिओ उचलला. "मेन गेट. संशयास्पद पेटी. मालक उघडत नाही."

"गेट बंद कर. बॉम्ब स्क्वॉड येतंय."

म्हाताऱ्याला दोनशे मीटर मागे नेलं. सार्जंट डफी म्हणाला, "जबाब घे. सगळं लिही. कुठे गडबडतो ते बघ."

आर्थर केन, वय नव्वद. वडील टॉमस केन, व्यावसायिक फुटबॉलपटू. इथे ज्याला सॉकर म्हणतात तो खेळ.

"कुठे खेळायचे?"

"दोऱ्याच्या गिरणीच्या संघात. डावा फुल-बॅक. अकरा सीझन."

"गोल किती?"

"एकही नाही. त्यांचं काम अडवायचं होतं."

एकदा खांद्याचं हाड मोडलं. बदली खेळाडू नसायचा. हात छातीशी बांधून ते उरलेली मॅच खेळले. १९१८ साली याच डेपोतून फ्रान्सला लढायला गेले आणि तिथेच कामी आले. आतल्या स्मारकशिळेवर त्यांचं नाव नव्हतं. पुरावे पेटीत होते.

"तेव्हा तुम्ही पाच वर्षांचे. एवढं कसं माहीत?" आता सापडला, असं मला वाटलं.

"आई सांगायची. पेटी समोर ठेवून."

मी तेच प्रश्न तीनदा विचारले. उत्तर बदललं नाही. चार पानं भरली.

०९२५ला स्क्वॉडने ठरवलं, पाण्याच्या माऱ्याने पेटी फोडायची.

"आत त्यांचा फोटो आहे," आर्थर म्हणाले. "एकच."

मी रेडिओवर म्हणालो, "सार्जंट, आत कागदच आहेत."

"पाहिलेस?"

"नाही."

"मग गप्प बस."

आवाज फार मोठा झाला नाही. राहिला तो फुटबॉलच्या बुटाचा एक तळ आणि कागदाचा लगदा. आर्थर गुडघ्यांवर बसून तुकडे वेचू लागले. मीही बसलो.

"तू तुझं काम केलंस," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

कॅप्टनने माझी चार पानं वाचली आणि वर पाठवली. सैन्याच्या यादीत टॉमसचं आडनाव चुकीचं लिहिलेलं निघालं. बाकी सगळं जबाबाशी जुळलं. पुढच्या मे महिन्यात शिळेवर नाव कोरलं गेलं. नावाखाली, नियमात बसत नसतानाही, कॅप्टनने 'फुल-बॅक' कोरून घेतलं. आर्थरनी त्यावरून बोट फिरवलं. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ते गेले.

जबाबाची प्रत माझ्याकडे आहे. त्यात टॉमस केनचे अकरा सीझन आहेत, मोडलेलं हाड आहे, फ्रान्स आहे. तो दिसायचा कसा, ते मात्र नाही. मी विचारलंच नव्हतं.