उलट वळलेलं पान

फ्रेमच्या दुकानातल्या त्या गृहस्थांना अख्खी गल्ली 'जमेलकाका' म्हणते. तडकलेली काच न्या, वाळवीनं खाल्लेली चौकट न्या, वस्तू धड बघायच्या आधीच त्यांच्या तोंडून "जमेल" निघतं. बत्तीस वर्षांत हा शब्द त्यांच्या घशात एकदाच अडकला, तोही घरच्या आरशापाशी.

आरसा काकूंच्या आईचा. चारही कोपऱ्यांवर वेलपानांची सोनेरी नक्षी. दोघी बहिणींनी तो पाच-पाच वर्षं वाटून घेतलेला, आणि रविवारी थोरली बहीण न्यायला येणार होती. या बाईंना कपाचा उडालेला टवका दारातूनच दिसतो. आणि गुरुवारी काकांनी, देताना लखलखीत द्यावा म्हणून आरसा पुसायला काढला आणि कपाटावर आपटला. वरच्या उजव्या कोपऱ्यावरच्या नक्षीचा भुगा झाला.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं काकांना फार स्पष्ट ऐकू येतं.

"ज... जमेल," काका म्हणाले.

शाबूत कोपऱ्यावरून साचा घ्यायला खास रबर बाजारात मिळतं, पण महाग वस्तू आणून काम कुणीही करील, असं काकांचं मत. त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून बेसिनच्या फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी आणली. बादलीत भांडी घासायचा लिक्विड साबण ढवळला, त्यात नळी पिळली आणि पाण्यातच तो गोळा कणकेसारखा मळला. आंबूस वासानं काकूंनी सगळ्या खिडक्या उघडल्या. मग वरच्या डाव्या कोपऱ्याला तेलाचं बोट लावून काकांनी गोळा थापला. दोन तासांत तो रबरासारखा घट्ट झाला आणि मोजा काढावा तसा सुटून आला. त्यात प्लास्टर ओतलं. सकाळी पानाच्या शिरांसकट कोपरा तयार. काकांची छाती दुकानाच्या दारात मावेना.

काकूंनी कोपरा हातात घेतला. "पान उलटं वळलंय."

खरंच की. डाव्या पायाचा बूट उजव्या पायात घालावा तसं झालं होतं. काकांनी कोपरा आडवा, उभा, तिरका लावून पाहिला. मग कोपरा सोडला आणि आरसाच खालची बाजू वर करून भिंतीला टेकवला. आता खालचा डावा कोपरा बरोबर वरच्या उजव्या जागी आला, आणि त्याचं पान हवं तिकडेच वळत होतं. नळी अजून अर्धी शिल्लक होती; शनिवारी नवा कोपरा चिकटला आणि त्यावर सोनेरी रंगही चढला.

रविवारी थोरलीनं चौकटीवरून बोट फिरवलं आणि "छान ठेवलायस" म्हणाली. काकूंचा जीव भांड्यात पडला. काकांचा मात्र कासावीस झाला. एवढी कारागिरी, आणि कुणाला पत्ताच नाही?

"तो वरचा उजवा कोपरा नीट पाहिलात ना?"

काकूंनी डोक्याला हात लावला. थोरलीनं चष्मा चढवला आणि बराच वेळ कोपरा न्याहाळला. "म्हणजे तुम्ही फोडलात."

हा भाग काकांच्या ध्यानातच आला नव्हता. "आणि केलाही मीच," ते म्हणाले.

"दिसतंय ते. मग साचाही बांधून द्या. माझ्या घरी आपटला तर मी कुठे धावू?"

काकूंनी आतून दोन साचे आणून ठेवले, बरोबर आलेला आणि चुकलेला. आरशाचे दोन कोपरे उजव्या पानाचे, दोन डाव्या पानाचे; दोन साच्यांत चारही कोपऱ्यांची सोय झाली होती.

"तो दुसरा मी मुद्दामच केला होता," काका म्हणाले.

काकू काही बोलल्या नाहीत.