पंधरवड्याची मोटार

जुन्या मोटारीची गोष्ट म्हटली की तुम्ही सरसावून बसणार. आता राजेसाहेब येतील, शिकार येईल, दिव्यांच्या झोतात वाघ उभा राहील. नाही येणार. आमच्या मोटारीने वाघ पाहिला नाही. म्हैस पाहिली, तीही समोरून हटेना, शेवटी आम्हालाच मागे यावं लागलं. मोटार पक्की विलायती, लढाईच्या आधीची, बॉनेट इतकं लांब की वळणावर आधी ते जायचं, मग काही वेळाने मी. पण तिचा बराचसा प्रवास धारमध्ये एका गराजात झाला, तोही जागच्या जागी तोंड फिरवण्यात.

म्हाताऱ्या सरकारांनी ती घेतली तेव्हा माझे वडील तिचे ड्रायव्हर होते. म्हणून गराजाला लागून असलेली खोली आम्हाला. पुढे म्हातारे सरकार गेले, मग माझे वडील गेले, मग संस्थान गेलं. सगळं इतकं पाठोपाठ झालं की कुठल्या वेळी किती रडायचं याचा हिशोब लागला नाही, म्हणून मी रडलोच नाही. मिडलनंतर शाळा सोडली आणि वडिलांच्या जागी चाकावर बसलो. आई म्हणायची, गाडी आहे तोवर खोली आहे, फडकं हातातून सोडू नकोस.

म्हाताऱ्या सरकारांचे दोन मुलगे, थोरले आणि धाकटे. वाटण्या झाल्या. जमीन वाटली, भांडी वाटली, कोठ्या तर शेजारीशेजारी दोन होत्याच. मोटार कशी वाटणार? तोड थोरल्यांच्या पत्नीने, म्हणजे वहिनीसाहेबांनी, काढली. त्यांचं माहेर देवासचं. तिथे अख्खं गावच दोन पात्यांत वाटलेलं, एका गावात दोन राजे, दोन कचेऱ्या, आणि लोक मजेत राहायचे. वहिनीसाहेब म्हणाल्या, देवाची पाळी असते तशी मोटारीची लावा. शुद्ध पक्ष थोरल्यांचा, वद्य पक्ष धाकट्यांचा. देवासच्या माणसाला यात काही विचित्र वाटत नाही.

गराज दोन्ही कोठ्यांच्या मधोमध, त्याला दोन दारं. पौर्णिमेला आणि अमावास्येला मी मोटार बाहेर काढून तिचं तोंड दुसऱ्या दाराकडे करायचो. गाद्या बदलायचो, दोघांच्या वेगळ्या. बॅटरीसुद्धा बदलायचो, दोघांच्या वेगळ्या. इंजिन तेवढं एकच होतं, म्हणून त्याच्याकडे कुणी बघायचं नाही.

"तेल काळं पडलंय सरकार," मी थोरल्यांना म्हणायचो.

"पौर्णिमेला चाललीच आहे तिकडे. तो बदलेल."

धाकट्यांना सांगितलं की ते म्हणायचे, "अरे, आठ दिवस तर उरलेत. पूरा महिना काय मीच पोसू?"

रेडिएटर गळायला लागलं तेव्हा दोघांनीही हेच सांगितलं. मग मी आईच्या डब्यातली हळद त्यात घातली. हळद भोकात जाऊन बसते, काही दिवस निभतं. आईच्या भाज्या पांढऱ्या झाल्या, मोटार पिवळं पाणी गाळत राहिली.

भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप माझ्याकडून. आणि मला लहानपणापासून खोड, ज्याचं बोलणं त्याच्याच आवाजात सांगायचं. शाळेत यासाठी मार खाल्ला होता, इथे त्याचा उपयोग झाला. थोरले संथ बोलायचे, वाक्य अर्ध्यात सोडून घसा साफ करायचे, ऐकणाऱ्याला वाटायचं संपलं, तेवढ्यात उरलेलं यायचं. धाकटे निम्मं हिंदीत आणि सगळं घाईत. पहिल्यांदा मी धाकट्यांसमोर थोरल्यांचा घसा साफ केला तेव्हा वाटलं, गेली नोकरी. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इतका नाही खाकरत तो. फिरसे सांग."

त्यानंतर साधा निरोप दोघांनाही चालेना. थोरले पेपर तोंडासमोर धरून विचारायचे, "काय म्हणाला? त्याच्या तोंडाने सांग." पेपर हलायचा. हसत होते की नाही, मला दिसायचं नाही.

एका वद्य पक्षात इंदूरहून एक शेठ आला. लग्नाच्या वरातींना मोटारी भाड्याने द्यायचा. मडगार्डवर टिचकी मारून मला म्हणाला, "क्यों भिया, चलती है, या सिरफ दिखती है?"

"चलती है. जिसकी बारी हो उसके लिए चलती है."

धाकट्यांना विकायची होती. गराज रिकामं करून पिठाच्या गिरणीला द्यायचं, आमच्या खोलीसकट, हेही त्यांनी मला सरळ सांगितलं. वाईट हेतूने नाही, उद्या ऊन पडेल असं सांगावं तसं. थोरल्यांना विकायची नव्हती. मला म्हणाले, "बाबांची गाडी वरातीत नाचवणार?" हे धाकट्यांना सांगू नको, असंही म्हणाले. धाकट्यांना निरोप गेला तो एवढाच, की माझ्या पाळीत दलाल नको.

आणि मग थोरले गेले. शुद्ध पक्षातच, दुपारी, पेपर वाचता वाचता. वहिनीसाहेबांनी मला हाक मारली, मी गेलो, बघितलं, परत येऊन मोटार पुसायला घेतली. पुसून झाल्यावर परत पुसली. मला काही वाटत नव्हतं. हातपाय आपापली कामं करत होते, मी जवळच कुठेतरी उभा होतो.

थोरल्यांना मूल नव्हतं, अग्नी धाकट्यांनी दिला. अस्थी नर्मदेला न्यायच्या होत्या, धरमपुरीला. वहिनीसाहेब देवासला कायमच्या जाणार होत्या. मोटारीचं विचारलं तर म्हणाल्या, "दोघा भावांची होती, आता भावोजी बघतील."

सकाळी धाकटे गराजाशी आले. हातात लाल फडक्यात बांधलेला कलश.

"बॅटरी कुणाची आहे?"

"थोरल्यांची. पौर्णिमेला अवकाश आहे अजून."

"राहू दे."

कलश मागच्या सीटवर उजवीकडे ठेवला, थोरल्यांच्या जागी, आणि धाकटे डावीकडे बसले. वाटण्या झाल्यापासून दोघे एका गाडीत पहिल्यांदाच. मी हँडल मारलं, मोटार सुरू झाली.

घाटात रेडिएटर उकळलं. मी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, पिवळी वाफ निघायला लागली. झाकणाला हात लावायची सोय नव्हती, थंड होईपर्यंत बसून राहायचं. रस्त्यावर कुणी नव्हतं. धाकटे आतच बसून होते.

"शेठला निरोप पाठवायचाय," ते म्हणाले.

"हो सरकार."

"देऊन टाकतो म्हणतो. काय करायची ठेवून?"

मी बॉनेटखालची वाफ बघत होतो.

"त्याला विचार ना."

"कुणाला?"

त्यांनी कलशाकडे बोट दाखवलं. "विचार त्याला. आणि काय म्हणतो ते सांग. नेहमीसारखं."

थट्टा करत असतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. मी मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. डोक्यात फक्त खोली होती. खोलीतली चूल, वडिलांच्या खाकी डगल्याची खुंटी, आई. दोन शब्दांचं काम होतं. विकू नकोस. थोरल्यांच्या मनात तेच तर होतं.

मी घसा साफ केला. "विकू..." म्हणालो, आणि तो आवाज माझा निघाला. नुसता माझा, पातळ. पुन्हा केलं, पुन्हा माझाच. थोरल्यांनी भावाला असं कधी काही मागितलंच नव्हतं, तर त्यांच्या आवाजाला ते कुठून येणार?

मग मी काही ठरवलं नाही. तोंड उघडलं आणि थोरले बोलले. संथ, मधेच खाकरून.

"त्याला म्हणावं, घाई कसली... पौर्णिमा होऊ दे. पुढे तुझी आहे. मला काय विचारत बसतोस... आणि उन्हात नको बसू. डोकं दुखतं तुझं."

शेवटचं कुठून आलं मला माहीत नाही.  धाकटे सरकून सावलीच्या बाजूला झाले.

"आणखी काही?"

"नाही सरकार. एवढंच."

"पाणी घाल मग. निघू."

धरमपुरीला नावेतून मधल्या धारेपर्यंत गेलो. धाकट्यांनी कलश सोडला, मी त्यांचे जोडे धरून बसलो होतो. परत येताना मागच्या सीटवर ते एकटेच, डावीकडे.

पौर्णिमेनंतर शेठ आला. मी शेवटचं तोंड फिरवलं, बॅटरी बदलली, धाकट्यांची गादी घातली. शेठच्या माणसाने मोटार नेली. कोपऱ्यापर्यंत आवाज येत होता, मग गिरणीचं माप घ्यायला मिस्त्री आला आणि मी त्याची फीत धरली.

संध्याकाळी आईने विचारलं, घाटात नक्की काय झालं? धाकट्यांच्या स्वयंपाकिणीकडून तिला काहीतरी कळलं होतं. मी सांगितलं, थोरल्यांच्या आवाजातच सांगितलं. एरवी ती हसायची.

"बंद कर ते," ती म्हणाली. "तुला विचारलं होतं त्यांनी? आपल्या तोंडाने विचारलं होतं?"

"हो."

"आणि राहू दे, विकू नको, एवढं म्हणता आलं नाही तुला?"

"ते तसं म्हणाले नसते."

"ते गेले रे. मी आहे ना जिवंत? तुझ्या मास्तरांचा आवाज काढलास, तहसीलदाराचा काढलास, माझासुद्धा काढतोस शेजारणींसमोर, वाटतं हिला पत्ता नाही. तेव्हा बघत होतास, कोण काय म्हणालं असतं आणि काय नसतं? सगळ्या गावाला खोटं बोलून हसवलंस, आणि खरेपणा सुचला तो नेमका तिथे? हसतोस काय? की हसत नाहीयेस? तुझ्या थोबाडावरून काही कळत पण नाही हल्ली. जेव. ताटात बघ, माझ्याकडे नको. आणि उद्या सकाळी निघायचं, गल्लीगल्लीत फिरायचं, दोन माणसांपुरती खोली आहे का विचारायचं. बघते मी, कुणाच्या आवाजात मागतोस ते."