या वर्षीचा बिलुओचुन

लॉकडाउनमध्ये वेंटवर्थव्हिल या उपनगरातल्या आमच्या गल्लीत सगळेच एकमेकांकडे संशयाने बघत. कोणी खोकलं की समोरचे पडदे हलायचे. त्यामुळे शेजारच्या चिनी बाईने कुंपणावरून चहाचा डबा पुढे केला तेव्हा मी आधी मागे सरले, मग मास्क वर ओढला.

"पिऊ नकोस. नुसता बघ," ती इंग्रजीत म्हणाली. भारतीय बाईला चहातलं कळणारच, असा तिचा समज. मी आलं-साखर घालून उकळणारी.

डब्यात गोगलगायीसारखी वळलेली बारीक पानं होती, त्यांच्यावर पांढरी लव. मला ती बुरशीच वाटली आणि मी तसं बोलूनही टाकलं. ती लव कोवळ्या कळीचीच असते, ती म्हणाली. तिच्या माहेरी तळ्याकाठच्या टेकडीवर चहाची झुडपं पीच, लोकाट अशा फळझाडांमध्ये वाढतात. वसंत लागताच कळ्या खुडायच्या, त्याच दिवशी तापल्या कढईत हाताने परतायच्या आणि कढईतच तळव्यांमध्ये घोळवून वळायच्या. हा बिलुओचुन चहा दरवर्षी तिची आई वळते, भाऊ पाठवतो.

"हा आईने वळलेला नाही."

मला ते जरा अतिच वाटलं. कढई जास्त तापली असेल, मी म्हटलं. तिने स्वतःचा अंगठा वाकवून दाखवला. आईचा अंगठा असा वाकडा आहे, त्यामुळे तिची पानं एका टोकाला सैल सुटतात. ही सगळी सारखी होती, घट्ट.

मग बाकीचं हळूहळू बाहेर आलं. फोन केला की भाऊ म्हणतो, आई झोपलीय. कधी अंघोळीला गेलीय. कधी कॅमेरा बिघडलाय. विमानं बंद असताना घरचे परदेशातल्या लेकीपासून काय काय लपवतात, ते मला ठाऊक होतं. माझे वडील ॲडमिट होते हे मला ते घरी परतल्यावर कळलं. तो राग अजून गेलेला नाही.

"सरळ विचार ना त्याला," मी म्हटलं. "आईला व्हिडिओवर दाखव म्हणावं."

तिने तिथेच उभं राहून फोन लावला. भराभर बोलली, मध्ये हसलीसुद्धा. मला एक अक्षर कळलं नाही. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाला?

"मी विचारलंच नाही," डब्याचं झाकण लावत ती म्हणाली. "त्याला म्हटलं, आईला सांग, या वर्षीचा चहा फार छान झालाय."