नवव्या फोटोवर थांबलेला कॅमेरा

फोटोमास्तरांनी बेचाळीस वर्षं लोकांचे पासपोर्ट फोटो काढले. "हनुवटी जरा खाली, डोळे मोठे करू नका," हे वाक्य त्यांनी जितक्या वेळा म्हटलं तितक्या वेळा स्वतःचं नावही घेतलं नसेल. स्टुडिओ बंद केला तेव्हा त्यांच्याजवळ एक्केचाळीस जुने कॅमेरे होते. काही गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकले आणि परत न्यायला आलेच नाहीत, काही जुन्या बाजारातून आणलेले. किमती त्यातला एकही नव्हता. सगळे घरोघरी असायचे तसले. बायको म्हणायची, "लोक मांजर पाळतात, आमच्याकडे हे आहेत. मांजर निदान उंदीर तरी धरतं."

या कॅमेऱ्यांचं प्रदर्शन भरवायचं मास्तरांच्या मनात फार दिवस होतं. शेवटी वाचनालयाच्या सेक्रेटरींनी वरचा हॉल दहा दिवसांसाठी दिला. मास्तरांनी प्रदर्शनाला नाव दिलं 'घरचा कॅमेरा', आणि मांडणी आपल्या डोक्याने केली. कंपनी कुठली, साल कुठलं, याला महत्त्व दिलं नाही. घरात तो कॅमेरा कुणाच्या हातात असायचा, तसे गट पाडले. वडिलांचे कॅमेरे एका टेबलावर. मोठ्या बहिणीचे दुसऱ्या. धाकट्या मामाने परदेशातून आणलेले तिसऱ्या. आणि जे कपाटातून कधी बाहेरच आले नाहीत, "हात लावायचा नाही" म्हणून जपले गेले, त्यांचं टेबल वेगळं. प्रत्येकापुढे मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरातलं एक कार्ड. ही कार्डं लिहायला त्यांना चार महिने लागले, कारण जुन्या गिऱ्हाइकांना, बाजारातल्या विकणाऱ्यांना गाठून ते खरं काय ते विचारून घेत होते.

एकाच कॅमेऱ्याचा मालक सापडला नव्हता. तो भंगाराच्या पेटीत आला होता. पट्ट्याच्या जागी बुटाची लेस बांधलेली. त्याच्या कार्डावर मास्तरांनी लिहिलं होतं: 'आत रोल आहे. आकडा नऊवर. उघडलेला नाही. मालक माहीत नाही.'

पहिल्या तीन दिवसांत अभिप्रायाच्या वहीत अकरा सह्या झाल्या. त्यांतल्या दोन बायकोच्या बहिणींच्या. एक गृहस्थ आले, त्यांनी स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारलं आणि जाताना भिडेखातर सही करून गेले.

सोमवारी पुतणी आली. ती जाहिरातीच्या ऑफिसात कामाला. तिने हॉलभर फिरून सगळी कार्डं वाचली, अगदी मनापासून वाचली.

"काका, मांडणी फार सुंदर झालीय. पण लोकांनी इथे यायचं कशाला?"

"कॅमेरे बघायला."

"ते झालं तुमचं कारण. त्यांचं काय?"

पुतणी लेसवाल्या कॅमेऱ्यापाशी उभी राहिली होती.

मंगळवारी बेकरीच्या दारावर, बसथांब्यावर, केस कापायच्या दुकानात, आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलवर त्या कॅमेऱ्याचा फोटो होता. खाली लिहिलेलं: 'या कॅमेऱ्यात कोण आहे? तुमचंच कुणी असेल का? रविवारी सकाळी अकरा वाजता सर्वांसमोर कळेल.'

मास्तरांनी तिला फोन केला. "अगं, तीस-पस्तीस वर्षं भंगारात भाजलेला रोल आहे तो. त्यात काही राहत नाही."

"राहिलंय असं मी कुठे म्हटलंय काका? मी नुसतं विचारलंय."

"तू विचारतेस, पण लोक उत्तर धरून बसतात."

"बसू देत ना. बसायला तरी येतील."

तेव्हाच त्यांनी ठाम नाही म्हणायला हवं होतं. पण बुधवारी पासष्ट माणसं आली. मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या बहिणींच्या टेबलापाशी उभे राहून घसा कोरडा होईपर्यंत बोलले, आणि लोकांनी ऐकून घेतलं. त्यांना ते आवडलं. नाकारण्यात अर्थ नाही.

त्याच दिवशी दुपारी सिस्टरबाई आल्या. इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स, साठीच्या, पाठ अजून ताठ. त्यांनी बाकी कुठे पाहिलं नाही. सरळ लेसवाल्या कॅमेऱ्यापुढे गेल्या आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. मास्तरांनी खुर्ची दिली.

"माझा धाकटा भाऊ," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षांचा होता. मित्रांबरोबर समुद्रावर जातो म्हणून गेला. मित्र परत आले. त्यांचं म्हणणं, हा एक दिवस आधीच निघाला होता. त्याच्याकडे असाच कॅमेरा होता. पट्टा तुटला म्हणून त्याने बुटाची लेस बांधली होती."

"ताई, असे कॅमेरे त्या काळी हजारांनी विकले गेलेत. लेसही बरेच जण बांधायचे."

"मला माहीत आहे. मी काही आशा धरून बसलेली नाही."

असं म्हणून त्या गेल्या आणि गुरुवारी पुन्हा आल्या. शुक्रवारी येताना भावाचा शाळेतला गटफोटो घेऊन आल्या. त्यात तो तिसऱ्या रांगेत, पुढच्याच्या कानामागे अर्धा लपलेला. "नाक आमच्या वडिलांचं आहे," त्या म्हणाल्या. "फोटो धूसर आला तरी नाकावरून ओळखेन मी."

शुक्रवारी दुपारी जेवणासाठी हॉल बंद होता, तेव्हा मास्तरांनी तो कॅमेरा हातात घेतला. रोल भरलेला असला की फोटो काढल्यावर उजवीकडची चावी ओढायची, म्हणजे फिल्म पुढे सरकते आणि तिच्या ओढीने डावीकडची खुंटी फिरते. हे स्टुडिओत झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. मास्तरांनी हलक्या हाताने चावी ओढली. आकडा दहावर गेला. खुंटी जागची हलली नाही.

त्यांनी बटण दाबलं, पुन्हा चावी ओढली. अकरा. खुंटी तशीच.

रोल भरताना फिल्मचं टोक पलीकडच्या रिळात अडकलंच नव्हतं. कॅमेरा नऊ वेळा वाजला होता आणि आत काहीही झालं नव्हतं. स्टुडिओत दर महिन्याला असा एखादा रोल यायचा. लग्नाचे, बारशाचे, सहलीचे. काउंटरच्या पलीकडे उभ्या माणसाला ते सांगायचं काम मास्तरांना कधीच जमलं नव्हतं, ते बायको करायची.

त्यांनी पुतणीला फोन लावला. "रोल कोरा आहे. रविवारचं रद्द कर."

"शंभर टक्के?"

"फिल्म जुनी होऊन चिकटली असेल तरी असं होतं. पण बहुतेक कोराच."

"म्हणजे शंभर टक्के नाही. काका, वर्तमानपत्रात आलंय. सेक्रेटरींनी खुर्च्या सांगितल्यात. आता मागे घेतलं तर लोक म्हणतील फसवणूक. तुम्ही फक्त रोल धुवा, जे निघेल ते निघेल."

मास्तरांनी घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईंना तरी सांगा." शनिवारी सांगायचंच असं ठरवून ते गेले. सिस्टरबाई आधीच येऊन बसल्या होत्या.

"ताई, उद्याचं जरा..."

"मास्तर, काल कित्येक दिवसांनी मला सलग झोप लागली," त्या म्हणाल्या. "काही निघालं नाही तरी चालेल. पण एवढे दिवस कुणी त्याच्याबद्दल विचारलंच नव्हतं. तुम्ही काय म्हणत होता?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "उद्या लवकर या. पुढची खुर्ची ठेवतो."

रविवारी हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. दोनशे माणसं तरी असतील. सिस्टरबाईंसारखे आणखीही काही होते. एक म्हातारं जोडपं हात धरून बसलं होतं. एकजण भिंतीला टेकून कुणाशीही बोलत नव्हता. टेबलं मागे सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या, त्यामुळे चाळीस कॅमेरे भिंतीकडे तोंड करून दाटीवाटीने उभे होते.

हॉलमागच्या अडगळीच्या खोलीत मास्तरांनी खिडकीला काळं कापड लावलं होतं. दार लावून त्यांनी अंधारात कॅमेरा उघडला. बोटांना फिल्मचं टोक लागलं. कारखान्यातून येतं तसंच, जिभेच्या आकाराचं कापलेलं, रिळाबाहेर मोकळं. आता शंका उरली नाही. बाहेर पुतणी माईकवर बोलत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. मास्तरांनी तरीही फिल्म डब्यात भरली, औषध ओतलं, घड्याळ लावून बारा मिनिटं डबा हलवत बसले. दुसरं काय करणार होते?

दिव्यासमोर धरली तेव्हा टोकाचा उजेड लागलेला वीतभर काळा भाग सोडला तर ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी धुरकट होती. एकही रेघ नाही.

ते बाहेर आले. पुतणीने पुढे केलेला माईक त्यांनी घेतला नाही. "रोल कोरा आहे. फिल्म पुढे सरकलीच नव्हती."

"मग ते नऊ फोटो?" मागून कुणीतरी विचारलं.

"नऊ वेळा बटण दाबलं. फोटो एकही झाला नाही."

कुणी ओरडलं नाही. दोघे-तिघे हसले. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज सुरू झाला तो बराच वेळ चालला. लोक घड्याळं बघत, पुढच्याच्या पाठीला लागून जिना उतरले. ते म्हातारं जोडपं मास्तरांना नमस्कार करून गेलं. टेबलांकडे जाऊन एखादं कार्ड वाचावं असं कुणाच्या मनात आलं नाही. पुतणीचे डोळे भरले होते. "मला वाटलं थोडं तरी निघेल," ती म्हणाली. तिच्यावर रागवायचं मास्तरांच्या अंगात बळ नव्हतं.

सिस्टरबाई पहिल्या खुर्चीत होत्या.

"नऊ वेळा दाबूनही त्याला कळलं नाही?"

"कळत नाही ताई. आवाज नेहमीसारखाच येतो."

सिस्टरबाईंनी कॅमेरा मागितला. पाच दिवसांत पहिल्यांदाच तो त्यांच्या हातात आला. त्यांनी लेसची गाठ उलटी-सुलटी करून पाहिली.

"लेस होती हे नक्की," त्या म्हणाल्या. "पण ही काळी आहे. त्याची काळी होती का? मला आठवतच नाही, मास्तर. सगळं आठवतं असं वाटायचं." मग कॅमेरा टेबलावर ठेवून त्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला आधी कळण्यासारखं होतं का हे?"

"नाही," मास्तर म्हणाले.

सिस्टरबाईंनी पर्स उचलली आणि कठडा धरून जिना उतरल्या.

सोमवारच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. प्रदर्शनाचं नाव चुकलं होतं. दुपारपर्यंत मास्तरांनी एकेक कॅमेरा जुन्या बनियनच्या कापडात गुंडाळून खोक्यांत भरला. कार्डं वेगळी बांधली. महिन्याभराने शेजारच्या गावातल्या एका शाळेने प्रदर्शन मागितलं. "त्या रोलसारखं काही आहे का अजून?" असं त्यांनी विचारलं. मास्तरांनी खोकी हलवली नाहीत.

याला आता दोन वर्षं होतील. सिस्टरबाईंचं आणि मास्तरांच्या बायकोचं छान जमलं आहे. दर गुरुवारी त्या चहाला येतात. दोघींचे गुडघे एकाच वेळी दुखू लागले आहेत, त्यामुळे विषयाला तोटा नाही. मास्तर त्या वेळी माडीवर काहीतरी काम काढतात. खालून हसण्याचा आवाज येतो, मग दार लागतं, आणि बायको वर येऊन सांगते, "तुम्हाला विचारत होत्या. पाच मिनिटं तरी येऊन बसावं माणसाने."

"पुढच्या वेळी," मास्तर म्हणतात.

तिला सगळं ठाऊक आहे. तरी ती दर गुरुवारी म्हणतेच.