बाप मुलीच्या घरी जातो ते पान

या सदरातले अनुभव मी रविवारी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि आम्ही दोघं मनसोक्त हसतो. पिंपळ, पांढरी साडी, मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही... माझा या कशावरच विश्वास नाही. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटी बघायचो. जे मोजता येत नाही ते पास करायचं नाही, यातच जन्म गेला. तरीही हे लिहायला बसलोय, तेव्हा आता हसायची पाळी तुमची.

गोष्ट नव्वदीच्या शेवटाकडची. गुडगावात आमच्या सोसायटीसमोर तेव्हा मोहरीचं शेत होतं आणि शेतात होऊ घातलेल्या मॉलची पाटी. त्या वर्षी माझी पहिली कादंबरी पुण्याहून निघाली. प्रकाशकांनी कळवलं, दिल्लीकडचं तुम्हीच बघा. बघायचं म्हणजे काय, तर नवी दिल्ली स्टेशनवरून गठ्ठे सोडवायचे, स्कूटरला बांधायचे आणि मराठी माणूस दिसला की पुस्तकाचा विषय काढायचा. ऑफिसातले पुणेकर मला जिन्यात पाहून लिफ्टकडे वळायला लागले होते.

कादंबरी तशी घरातलीच होती. माझ्या ताईनं सलीमदाजींशी लग्न केलं आणि ती मिरजेला गेली. साताऱ्याला आमच्या बाबांनी तिचं नाव टाकलं. ते वारले, पण शेवटपर्यंत त्यांनी तिच्या घराची पायरी चढली नाही, असंच आम्ही सगळे समजून होतो. कादंबरीही तशीच संपते. पहिली भेटप्रत मी ताईला पाठवली. तिच्याकडून काहीच आलं नाही — ना फोन, ना पत्र. परीक्षणं कशी येतात याची मला फिकीर नव्हती. ताई दुखावली असेल का, एवढंच मनाला खात होतं.

पहाडगंजच्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. शाल झाली, श्रीफळ झालं, अध्यक्ष स्वतःच्याच पुस्तकावर अर्धा तास बोलले. मंडळी बटाटेवड्यांकडे वळली तेव्हा साठेकाका सही घ्यायला आले. हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मुनिरकाजवळ राहणारे गृहस्थ. त्यांनी प्रत आधीच पुण्याहून मागवून वाचलेली होती. शेवट ठीकच आहे म्हणाले, पण सगळ्यात आवडलं ते बाप मुलीच्या घरी जातो ते पान. मी म्हटलं, काका, तो जातच नाही.

"अहो, जातो ना. दारातल्या खुर्चीवर बसतो. जन्मभर वरून पाणी पिणारा माणूस, तिथं पेल्याला तोंड लावून पितो. बिल्कुल साधं लिहिलंय तुम्ही."

दुसऱ्या कुणाच्या पुस्तकाशी गल्लत होत असेल, असं मी धरून चाललो. पण एक गोष्ट टोचत राहिली. बाबा खरोखरच वरून पाणी प्यायचे. पेला ओठांना लागू द्यायचे नाहीत, अगदी स्वतःच्या घरातही. हे मी कादंबरीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. काका तिथेच पानं उलटायला लागले आणि सापडेना तेव्हा त्यांचा चेहरा पडला. रविवारी चहाला या, म्हणाले, तोवर शोधून ठेवतो.

रविवारी गेलो. काकांना पान सापडलं नव्हतं. साठेकाकू पंजाबी. त्यांना मराठी येत नाही, म्हणून काका मराठी पुस्तक हातात धरतात आणि वाचता वाचता त्यांना हिंदीत सांगत जातात. लग्न झाल्यापासूनची त्यांची ही पद्धत. हे कळल्यावर मला हायसं वाटलं. सांगता सांगता काकांनी पदरचं घातलं असणार, दुसरं काय... तसं मी बोलूनही दाखवलं. चहाचा ट्रे ठेवून काकू म्हणाल्या, मैं बताऊँ?

"बेटी से कहता है, बस छूट जाएगी, और उठ जाता है. फिर अड्डे पर जाकर बैठा रहता है. बस आती है, वो चढ़ता ही नहीं. बेटी को तो पता भी नहीं."

काका मान हलवत होते. अगदी असंच होतं, म्हणाले. काकांचा जन्म करोलबागेतला, मिरज त्यांनी रेल्वेच्या खिडकीतूनही पाहिलेली नाही. आणि माझे बाबा कधी दिल्लीला आले नव्हते.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून ताईला फोन लावला. गंमत सांगतोय असाच सूर धरला होता. पेल्यापर्यंत आलो आणि ताईनं मला मधेच तोडलं.

"बाबा आले होते रे," ताई म्हणाली.

मग ती सांगत राहिली. एका दुपारी दाजी शाळेत शिकवायला गेलेले असताना बाबा न कळवता दारात उभे राहिले. खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, पेल्याला तोंड लावून प्यायले. तिला वाटलं, आता बोलतील. तर गाडी चुकेल म्हणाले आणि निघालेच. चहाचं आधण तसंच राहिलं. आले खरे, पण लेकीच्या घरात त्यांना बसवेना, हे कोणाला सांगायचं? तिनं दाजींनाही सांगितलं नाही. माझं पुस्तक वाचून तिला वाटलं, बरोबरच लिहिलंय यानं, न आल्यासारखेच तर आले होते. म्हणून ती गप्प राहिली होती.

मी तिला पुढचं सांगितलं. स्टँडवर बसून राहिलेले बाबा, समोरून गेलेली गाडी.

"म्हणजे त्यांना घाई नव्हती," ती म्हणाली, आणि रडायला लागली. बूथमध्ये मीही रडलो, बाहेर लोक खोळंबले होते तरी.

काकांची प्रत मी आणून पानन् पान तपासली. शिलाई नीट, पानांचे आकडे सलग, मजकूर माझाच. पेल्याचं ताईच्या मनातून कुठूनतरी कळलं म्हणावं, तर गाडीचं ताईलाही ठाऊक नव्हतं. बाबांनी खरंच गाडी सोडली का, हे सांगणारं आज कोणी नाही. पास करता येत नाही आणि नापास करायला मन धजत नाही.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ताईला विचारलं, ते पान घालू का? नको म्हणाली, मला त्या काकूंकडे घेऊन चल. त्या हिवाळ्यात ती पहिल्यांदाच दिल्लीला आली. काकूंच्या दिवाणावर त्यांना खेटून बसली. तिचं हिंदी मिरजेचं, त्यांचं पंजाबी वळणाचं, पण अडलं काही नाही. बस आती है, वो चढ़ता ही नहीं, इथवर काकू आल्या की ताई त्यांचा हात धरायची आणि म्हणायची, "फिर से बताइए ना."