मी घरी, अन् खातं लॉक

आमच्या शालिकरामले पाहून कोनी म्हननार नाही का हा कंपनीचा कॉम्प्युटरवाला हाय. अर्धी जिंदगी नागपूरच्या जरीपटक्यात टीव्ही दुरुस्त करन्यात गेली, अजूनही शर्टाच्या खिशात टेस्टर असते. बोलनं इतकं सावकाश का ऐकता ऐकता चहा थंडा होते. पन मानूस सोनं हाय, अन् ही प्रेमिला असं उगाच कोनाले म्हनत नाही.

हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात एकोनीस वर्षं झाली, मी स्टोअर सांभाळून राहिली. मागच्या वर्षी कंपनीनं सगळ्यायले पासवर्ड बदलवाले लावले, अन् माहं नशीब फुटलं. रोज सकाळी कंपनीच्या बसनं या, खुर्चीवर बसा, तं खातं लॉक! पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला म्हने. अरे, मी तं अजून पर्सही खाली ठेवली नव्हती! शालिकरामनं उघडून देलं, का दुपारी पाळी सुटाच्या वक्ती पुन्हा लॉक.

आमचे मॅनेजर उन्मेषसाहेब, माह्या लेकाच्या वयाचे. एक दिवस म्हने, "ताई, आता वय झालं, तुम्हाला आठवत नाही. सोमवारपासून पॅकिंगमध्ये जा." एकोनीस वर्षांत एक बोल्ट इकडचा तिकडे होऊ देला नाही मी, अन् मले आठवत नाही! रडू आलं, पन त्यायच्या पुढं नाही रडली.

शालिकरामनं सगळं तपासलं. माह्या मोबाइलमधली ऑफिसची मेलही पाहिली, तिथं नवाच पासवर्ड होता. दर लॉकची वेळ तो कॅलेंडरच्या मागं लाल पेननं लिहून ठेवे. शुक्रवारी म्हने, "ताई, उद्या सुट्टी घ्या."

"काहून? तूही मले घालवूनच राहिला का?" अशी भडकली मी, का विचारू नका.

"घ्या तं खरं," एवढंच बोलला.

शनिवारी मी घरी तोंड फुगवून बसली. पावनेआठले फोन आला. हा सावकाश बोलनारा मानूस चक्क वरडून राहिला होता, "ताई, तुमचं खातं लॉक झालं! तुम्ही घरी, अन् लॉक झालं! साहेब इथंच उभे हाय!"

बाप्पा! लॉक झाल्याचा एवढा आनंद जन्मात कोनाले झाला नसन.

कॅलेंडरवरच्या साऱ्या वेळा कंपनीची बस गेटात शिराच्या होत्या. शालिकराम सरळ बसमंदी जाऊन चढला. नत्थूजी ड्रायव्हरच्या समोर मोबाइल लटकून होता, त्यावर भीमगीतं चालू. तो मोबाइल माहाच, जुना! पासवर्ड बदलाच्या आधी मीच देला होता, गानी भरून. सिम काढलं म्हनजे फोन रिकामा झाला, असं समजली होती मी. पन ऑफिसची मेल त्यात तशीच. गेटात शिरलं का तो कंपनीचं वायफाय पकडे, अन् जुना पासवर्ड टाकत बसे. काखेत कळसा अन् गावाले वळसा!

नत्थूजीचं तोंड उतरलं. शालिकराम म्हने, "गानी नाही काढत गा, फक्त मेल काढतो."

सोमवारी बस गानं वाजवतच गेटात शिरली. मी खुर्चीवर बसली, पासवर्ड टाकला, अन् खातं उघडलं. उन्मेषसाहेब येऊन म्हने, "चुकलं माझं, ताई." मी मान हलवली, बस.

मंग शालिकरामले चहा देत विचारलं, "सगळे म्हनत होते मी विसरते. तुले काहून नाही वाटलं गा?"

तो नेहमीसारखाच सावकाश बोलला, "माही माय शेवटी सगळं विसरली होती, ताई. मलेही. विसरनारं मानूस कसं पाहते, ते मले माहीत हाय. तुम्ही तशा नव्हत्या पाहत."

तवा मात्र मी भर स्टोअरमंदी रडली.